गृहीत धरलेलं शोधताना



संध्याकाळची ही वेळ भाकरीची, हे आम्हाला ठाऊक आहे. हात तव्याकडे राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज हप्ते, बँकेचं कर्ज, लोणच्याची लेबलं यातलं काही सांगणार नाही. आज परीक्षेतल्या एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला या वयात कसली परीक्षा? आम्हीही तेच म्हणत होतो.

आमच्या गावात समाजमंदिराच्या एका बाजूला मुलींची अभ्यासिका चालते आणि दुसऱ्या बाजूला गटाची आठवड्याची बैठक. मध्ये एक पत्र्याचं कपाट, तेवढाच काय तो आडोसा. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी तलाठ्याची, एकदोघी बँकेची. आमचं बचतीचे पैसे मोजणं त्यांना ऐकू जातं आणि त्यांचं पाठांतर आम्हाला. एका बुधवारी त्यातल्या एकीने सराव पुस्तकातला प्रश्न मोठ्याने वाचला. तो साधारण असा होता.

विधान: ‘ज्यांना सकाळी नऊपर्यंत पुण्यात पोहोचायचे आहे, त्यांनी पहाटे सहाच्या गाडीने निघावे.’
गृहीतक एक: सहाची गाडी नऊच्या आत पुण्यात पोहोचते.
गृहीतक दोन: पुण्याला जायला दुसरे कोणतेही वाहन नाही.

आता सांगा, यातलं कोणतं गृहीतक त्या विधानात दडलेलं आहे? पहिलं, दुसरं, दोन्ही, की एकही नाही?

मुलीने उत्तर दिलं होतं, एकही नाही. मागे उत्तरं छापलेली असतात, तिथे होतं, फक्त पहिलं. ती म्हणाली, “पुस्तक चुकलंय. सहाची गाडी कधी वेळेवर आली आहे का? आली तरी चांदणी चौकात अडकते. नऊच्या आत कुठली पोहोचायला?” आम्ही सगळ्या कपाटापलीकडून हसलो आणि म्हणालो, बरोबर आहे पोरीचं, पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा सहाच्या गाडीत बसवा.

आमच्यातली एकच बाई हसली नाही. ती हिशेब लिहिते आमचा, बारावी झालेली आहे. ती म्हणाली, “पुस्तक गाडीबद्दल विचारतच नाहीये. ज्याने ही सूचना लावली, त्याच्या डोक्यात काय होतं, ते विचारतंय. त्याने मनाशी धरलंच असणार ना, की गाडी नऊच्या आत पोहोचते. नाहीतर तो कशाला सांगेल त्या गाडीने जा म्हणून?”

सगळ्या गप्प झालो. मैत्रिणींनो, आज सांगायचं आहे ते एवढंच आहे. तुमच्या घरात कुणी अभ्यास करत असेल तर तिला हाक मारून बसवा. या प्रकारच्या प्रश्नात खरं काय आहे हे विचारलेलं नसतं. बोलणाऱ्याने काय धरून चाललं आहे हे विचारलेलं असतं. त्याने धरलेलं साफ खोटं असू शकतं, तरी ते गृहीतकच. आपल्या मुली हुशार आहेत आणि त्यांनी जग बघितलेलं आहे. नेमकं त्यामुळेच त्या इथे मार्क घालवतात. गाडी येत नाही हे त्यांना माहीत असतं, म्हणून गाडी येते असं कुणी धरलं असेल हे त्यांना पटत नाही.

हे चुलीपाशी समजून घेऊ. सासूबाई बाहेरून सांगतात, “चार भाकऱ्या जास्त टाक गं, पाहुणे येतायत.” एवढंच वाक्य. पण ते बोलताना त्यांनी मनात काय काय धरलं आहे? पाहुणे जेवून जाणार. ते भाकरी खाणारे आहेत. डब्यात पीठ आहे. यातलं एकही त्या तोंडाने बोलल्या नाहीत. आणि यातलं एक जरी काढून घेतलं तर त्यांचं सांगणं फुकट जातं. पाहुणे जेवणारच नसतील तर चार भाकऱ्या कुणासाठी? असं जे न बोलता धरलेलं असतं, त्याला परीक्षेत गृहीतक म्हणतात.

‘पाहुणे येतायत’ हे गृहीतक नाही, कारण ते तर त्या बोलल्याच. बोललेलंच वाक्य जरा फिरवून गृहीतक म्हणून देतात आणि मुली फसतात. ‘म्हणजे आज रात्री मुक्काम असणार’ हेही गृहीतक नाही. ते आपण त्यांच्या बोलण्यावरून काढलं, त्याला अनुमान किंवा निष्कर्ष म्हणायचं. घराचं उदाहरण घ्या. विधान ही भिंत, निष्कर्ष म्हणजे भिंतीवर टाकलेलं छप्पर, आणि गृहीतक म्हणजे खालचं जोतं. जोतं दिसत नाही, पण ते काढलं तर भिंत उभी राहत नाही.

नववीच्या भूमितीच्या पुस्तकात हाच शब्द येतो. ‘युक्लिडची गृहीतके’ असा भाग आहे त्यात. युक्लिड हा साधारण २३०० वर्षांपूर्वीचा ग्रीक गणिती. त्याने भूमिती रचताना आधी कागदावर मांडून टाकलं की मी एवढ्या एवढ्या गोष्टी धरून चाललो आहे, त्या सिद्ध करत नाही, आणि मग पुढचं सगळं त्यावर उभं केलं. त्यातलं पाचवं गृहीतक समांतर रेषांसंबंधीचं. ते सिद्ध करायची खटपट लोकांनी जवळजवळ दोन हजार वर्षं केली. एकोणिसाव्या शतकात लक्षात आलं की ते वेगळं धरलं तर वेगळीच भूमिती तयार होते, आणि तीही चुकीची नसते. आम्हाला युक्लिडचं कौतुक वाटतं ते अशासाठी की त्याने धरलेलं लपवलं नाही. आपण रोज बोलतो तेव्हा कुणीच असं मांडून ठेवत नाही.

आता ओळखायचं कसं? एक युक्ती आहे, ती आम्ही मुलींकडून शिकलो. जे गृहीतक दिलं आहे त्याला नकार लावायचा आणि मग मूळ विधान टिकतं का बघायचं. कोसळलं तर ते गृहीतक आहे. टिकलं तर नाही.

समजा कुणी म्हणालं, ‘मुलगी भरतीत निवडली जावी म्हणून तिला पुण्याला क्लासला घाला.’ पहिलं गृहीतक दिलं आहे, ‘क्लासमुळे निवड व्हायला मदत होते.’ लावा नकार. क्लासमुळे काहीही मदत होत नाही. मग पुण्याला कशाला घालायचं? सांगणंच कोसळलं. म्हणजे हे गृहीतक दडलेलं होतं. दुसरं दिलं आहे, ‘गावात राहून कुणाचीच निवड होत नाही.’ याला नकार लावा. गावात राहूनही काहीजणींची निवड होते. तरीसुद्धा क्लासला घाला हा सल्ला उभा राहू शकतो, कारण क्लासने आणखी फायदा होईल असं त्याला वाटत असेल. विधान टिकलं. म्हणजे दुसरं गृहीतक नव्हे. उत्तर, फक्त पहिलं.

आमच्यातल्या एकीने विचारलं, “पण बोलणाऱ्याच्या मनात तसं असेलही की गावात राहून काही होत नाही, बरेचजण तसंच समजतात.” असेल. पण त्याचं वाक्य उभं राहायला तेवढं धरायची गरज नाही. परीक्षेत लागतं तेवढंच घ्यायचं, जास्तीचं त्याच्या पदरात टाकायचं नाही. हे कठीण जातं. आपल्याला माणसं ओळखीची असतात, अमका असं बोलला म्हणजे त्याच्या पोटात तमकं असणार, हे आपण लगेच लावतो. पेपरात बोलणाऱ्याला नाव नसतं, भाऊबंदकी नसते, मागचं भांडण नसतं. फक्त वाक्य असतं.

काही शब्द बघितले की थांबायचं. सर्व, फक्त, नेहमी, एकमेव, कोणीही नाही, आणि आपला मराठीतला ‘च’. गृहीतकात यातलं काही आलं की बहुतेक वेळा ते विधानापेक्षा जास्त बोलत असतं. आरोग्य केंद्राची सूचना घ्या, ‘पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळून प्यावे.’ पावसाळ्यात विहिरीचं पाणी खराब होऊ शकतं, हे धरलेलं आहे. उकळल्यावर ते पिण्यालायक होतं, हेही धरलेलं आहे. पण ‘इतर दिवसांत विहिरीचे पाणी स्वच्छच असते’ हे नाही. ‘प्रत्येक घरात गॅस आहे’ हेही नाही, चुलीवर उकळता येतंच की. आमच्या आंबेमोहोराच्या पिशवीवर आम्ही लिहिलं, ‘शिजताना घरभर सुवास.’ आम्ही काय धरलं? गिऱ्हाइकाला भाताचा वास आवडतो. दुसऱ्या कुठल्याच तांदळाला वास नसतो, असं काही आम्ही म्हणत नाही, म्हणूही नये, इंद्रायणीवाल्या बायका भांडायला येतील.

सूचनांचे प्रश्न फार येतात. ‘ग्रामपंचायतीने फलकावर लिहिले की घरपट्टी ३१ मार्चपर्यंत भरावी.’ लोक फलक वाचतात हे धरलेलं आहे. सगळे लोक मुदतीत पैसे भरतील, हे धरलेलं नाही. सूचना देणारा एवढंच धरतो की ती पोहोचेल आणि काहीतरी उपयोग होईल. सगळे ऐकतील अशी खात्री असती तर थकलेल्या घरपट्टीवर दंड कशाला लावला असता?

पण ‘सर्व’ दिसला की डोळे झाकून कापू नका. मूळ विधानातच तो असेल तर गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी आम्हीच निरोप पाठवला होता, ‘सर्व सभासदांनी बैठकीला येणार की नाही हे व्हॉट्सॲपवरच कळवावे.’ यात सगळ्यांकडे तसा फोन आहे, निदान कुणाचा तरी हाताशी आहे, हे आम्ही धरलेलंच होतं. तेराजणींच्या गटात चौघींकडे तसा फोन नव्हता. परीक्षेत या प्रश्नाला ‘होय, दडलेले आहे’ म्हणून खूण करायची आणि गटात त्या चौघींची माफी मागायची. दोन्ही बरोबर.

मुलींसाठी आणखी एक सांगतो. पोलीस भरतीचा लेखी पेपर १०० गुणांचा आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही, ५४ सेकंद मिळतात. त्यात बुद्धिमत्ता चाचणी, अंकगणित, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान, सगळं आलं. बँकेच्या परीक्षांत तर विधान-गृहीतकाचे प्रश्न ठरलेलेच. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात उतारा देऊन विचारतात की यावरून पुढीलपैकी कोणती गृहीतकं धरली आहेत. नकाराची युक्ती तिथेही चालते. पण ५४ सेकंदांत चालायची असेल तर ती आधी दोनशे वेळा घरी चालवलेली पाहिजे. त्यासाठी पुस्तकच हवं असं नाही. रेडिओवरची जाहिरात ऐकली, भिंतीवरचा बोर्ड वाचला, शेजारणीचा सल्ला ऐकला की मनात विचारायचं, ही काय धरून बोलते आहे? शेजारणीला मात्र ते सांगत बसू नका.

आता थोडं लांबचं, पण आपल्याच तालुक्यातलं. पौडहून ताम्हिणीकडे जाताना रस्त्याकडेला जे अथांग पाणी लागतं, त्याच्याखाली गावं आहेत हे आपल्याला आजे-सासऱ्यांनी सांगितलेलं असतं. टाटांच्या कंपनीने मुळेवर धरण बांधायचं ठरवलं. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून तिथे वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधाच्या कामावर जाऊन बसले. तो मुळशी सत्याग्रह १९२४पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यात मिळालं. बायकाही त्यात उतरल्या होत्या. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. धरण शेवटी झालंच.

अभ्यासिकेतल्या मुलींना स्थानिक इतिहास म्हणून हे पाठ होतं, तारखेसकट. आम्ही म्हटलं, याचाच प्रश्न करून बघू. वाक्य आमचं आहे, कुणा साहेबाचं नाही. विधान: ‘मुंबईला विजेची गरज आहे, म्हणून मुळशी खोऱ्यातील जमिनी मोबदला देऊन घ्याव्यात.’ गृहीतक एक: जमिनीची भरपाई पैशाने होऊ शकते. गृहीतक दोन: शेतकरी खुशीने जमिनी देतील.

दुसरं लगेच गळालं. खुशीने देणार असते तर १८९४चा जमीन संपादनाचा कायदा वापरायची वेळच आली नसती. पहिल्यावर मात्र वाद झाला. एकीने नकार लावला, जमिनीची भरपाई पैशाने होऊच शकत नाही. मग ‘मोबदला देऊन’ या शब्दांना काही अर्थच उरत नाही, विधान कोसळतं. म्हणजे गृहीतक आहे. आणि मग समोरच्या बाजूची घोषणा आठवली, ‘जान किंवा जमीन’. तिच्याखाली काय धरलेलं आहे? जमीन गेली तर जगणंच गेलं, तिच्या बदल्यात काही देता येत नाही. दोन्ही बाजू एकाच जमिनीबद्दल बोलत होत्या, पण खालची जोती वेगळी होती. म्हणून दर वाढवून दिला असता तरी ते भांडण मिटलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

मग बारावीवाली आमची हिशेबनीस म्हणाली, अजून एक आहे, ते तुम्ही कुणी धरलंच नाही. मोबदला कुणाला? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी त्या वेळी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा एक आणि कागदावर दुसरा. कागदावरच्याला पैसे मिळाले की प्रश्न संपला, असं धरलेलं होतं. कसणारा, मजुरीवर जाणारा, नांगराला फाळ बसवणारा सुतार-लोहार, यांचं काही गेलं असं धरलेलंच नव्हतं.

हे बदलायला फार वर्षं लागली. २०१३ साली नवा भूसंपादन कायदा झाला, १ जानेवारी २०१४पासून तो लागू आहे. त्यात बाधित कुटुंब कुणाला म्हणायचं याच्या व्याख्येत जमीनमालकाबरोबर कूळ, शेतमजूर, कारागीर, जे तीन वर्षं त्या जमिनीच्या आधारावर जगत होते, तेही आले. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागेल, असंही त्यात आलं. १८९४च्या कायद्यात जे न बोलता धरलेलं होतं, ते नव्या कायद्यात उघड लिहून बदलावं लागलं. आपल्या तालुक्यात आजही जमिनीचे व्यवहार रोज होतात. घरात कागद आले की त्यावर कुणाची नावं नाहीत तेही बघा.

आता आमच्या गटाचं सांगतो. हे सांगायला जरा जड जातंय, पण बैठकीत सगळ्यांनी ठरवलं की रेडिओवर सांगायचं, नाव न घेता.

आमच्यातल्या एकीने अंतर्गत कर्ज मागितलं. आठ हजार रुपये. मुलीला भरतीच्या तयारीसाठी पुण्यात तीन महिने ठेवायचं होतं, खोलीचं भाडं आणि मेस. आई पिरंगुटला एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जाते. बैठकीत कुणीतरी म्हणालं, “मुलगी उद्या लग्न होऊन जाणार. कर्ज फेडणार कोण?” कुणीही वाईट मनाने बोललं नाही. सगळ्यांनी मान हलवली. आम्हीही हलवली. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘पुढील बैठकीत विचार करू.’ पुढच्या बैठकीला लावणी आली, त्याच्या पुढच्या बैठकीला कोरम भरला नाही.

महिनाभराने पुन्हा विषय निघाला तेव्हा हिशेबनीस म्हणाली, त्या दिवशीच्या वाक्याला नकार लावून बघू. ‘मुलगी लग्न होऊन जाणार, म्हणून कर्ज फेडलं जाणार नाही.’ यात काय धरलेलं आहे? कर्ज मुलगी फेडणार, हे. पण कर्जावर सही आईची होणार होती. पगार आईचा. आमच्या गटात मुलीने कर्ज फेडायचा प्रश्नच कधी नव्हता. आई स्वतःच्या कमाईतून फेडेल, असा नकार लावला की वाक्य जागेवर कोसळतं. आणखी काय धरलेलं आहे? लग्न झालेली मुलगी कमवली तरी आईला उपयोगाची नाही, हे. याला नकार लावायला आमच्यातल्या दोघीजणी पुरेशा होत्या, ज्या आजही माहेरी आईच्या औषधाला पैसे पाठवतात. त्याही त्या दिवशी मान हलवत बसल्या होत्या.

मग आम्ही जुनी इतिवृत्तं काढली. दोन वर्षांत मुलांसाठी म्हणून तीन कर्जं दिलेली होती. एक मोटारसायकलच्या पहिल्या भरण्यासाठी, एक आयटीआयच्या फीसाठी, एक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासाठी. तिन्ही वेळा ‘फेडणार कोण’ हा शब्द इतिवृत्तात नाही. मुलगा आहे म्हणजे फेडेल, हे आम्ही न बोलता धरलेलं होतं. मोटारसायकलवाल्याचे दोन हप्ते अजून थकलेले आहेत, आणि तेही त्याची आईच भरते आहे.

आम्ही त्याच बैठकीत आठ हजार मंजूर केले. पण मधला महिना गेला होता. तिने तोवर दुसरीकडून, जास्त व्याजाने, पैसे उचलले होते. आमचे पैसे घेऊन तिने ते कर्ज थोडं कमी केलं. मुलगी तीन महिन्यांऐवजी दोनच महिने पुण्यात राहिली. धावण्यात ती चांगली होती, ८०० मीटर तिने वेळेत मारले. लेखीत थोडक्यात राहिली. राहिलेला महिना मिळाला असता तर निवड झाली असती का, ते कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या आईने आम्हाला काही म्हटलं नाही. बैठकीला येते, बचत भरते, सतरंजीवर आधी आमच्या शेजारी बसायची, आता दाराजवळ बसते.

तेव्हापासून आमच्या इतिवृत्तात कर्जाचा अर्ज नाकारला किंवा पुढे ढकलला तर खाली एक ओळ लिहायची पद्धत आहे: ‘आपण काय धरून हे ठरवले.’ एवढंच. सुरुवातीला बायका वैतागल्या. एक म्हणाली, “एवढ्या शंका काढत बसलो तर चहासुद्धा करायला नको, दूध नासलेलं नाही हे कशावरून?” तिचं काही चूक नाही. सगळं धरून चालल्याशिवाय घर चालत नाही. आम्हीही सगळीकडे लिहीत नाही. जिथे एखादीला ‘नाही’ म्हणायचं असतं, तिथेच लिहितो. कधी त्या ओळीत काहीच सापडत नाही, अर्ज खरंच नाकारण्यासारखा असतो. कधी लिहिता लिहिताच लिहिणारीचा हात थांबतो. मागच्या महिन्यात एका विधवा बाईच्या शेळीपालनाच्या अर्जाखाली आम्ही लिहिलं, ‘एकटी बाई बाजारात शेळ्या विकू शकत नाही.’ लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “गेली सहा वर्षं मीच विकते आहे, घोटवड्याच्या बाजारात नाही तर पौडला.” ती ओळ खोडली आणि रक्कम लिहिली.

अभ्यासिकेतली ती सहाच्या गाडीवाली मुलगी आता हे प्रश्न चुकवत नाही. तरी ती म्हणते, प्रत्येक वेळी आधी राग येतो, मग खूण करते. आम्ही तिला सांगितलं, राग येऊ दे, पण तो कागदाच्या मागच्या बाजूला लिही. गाडी खरंच येत नाही, ही तक्रार आहे, तिच्यासाठी ग्रामसभा आहे. पेपरात फक्त पाटी लावणाऱ्याचं डोकं वाचायचं.

आता वेळ संपत आली. जाता जाता एक प्रश्न घेऊन ठेवा, घरी मुलीबरोबर बसून सोडवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे तुम्हाला माहीत आहेच. तिचीच सूचना समजा.

विधान: ‘महिला ग्रामसभा मंगळवारी सकाळी ११ वाजता आहे, गावातील महिलांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे.’
गृहीतक एक: मंगळवारी सकाळी ११ वाजता महिला सभेला येऊ शकतात.
गृहीतक दोन: यापूर्वी एकही महिला सभेला येत नव्हती.

नकार लावून बघा. उत्तर पुढच्या बुधवारी याच वेळेला सांगू. आणि पहिल्या गृहीतकाबद्दल तुमच्या गावात लावणीच्या दिवसांत काय परिस्थिती असते, तेही आम्हाला कळवा, ते ग्रामपंचायतीला द्यायच्या पत्रात घालायचं आहे.